अर्धी राहिलेली शस्त्रक्रिया

न्यूरोसर्जरीच्या अतिदक्षता विभागात काही रुग्णांच्या डोक्याच्या पट्टीवर मार्करनं ठळक अक्षरांत ‘नो बोन’ असं लिहिलेलं असतं. कूस बदलताना, उशी सरकवताना त्या बाजूवर हात पडू नये, डोकं त्या अंगावर टेकू नये, म्हणून ही खूण. त्या जागचं तळहाताएवढं किंवा त्याहून मोठं हाड काढून घेतलेलं असतं. मेंदू आणि बाहेरचं जग यांच्यामध्ये तिथे त्वचा आणि आवरणांपलीकडे काही नसतं. काही आठवड्यांनी रुग्ण शुद्धीवर येतो, टाके निघतात, पट्टी निघते, घरी सोडतात. हाड तेव्हाही जागेवर नसतं. ‘तीन महिन्यांनी या’ असं सांगितलेलं असतं. माझा विषय हे तीन महिने आहेत. आपल्याकडे ते सहज वर्षावर जातात आणि कित्येकांच्या बाबतीत संपतच नाहीत.

हाड काढावं का लागतं, ते आधी पाहू. कवटी हे बंद पात्र आहे. आत मेंदू, रक्त आणि मेंदूजल असतं आणि तिघांना मिळून जागा ठरलेली असते. एकानं जास्त जागा घेतली की दुसऱ्याला सोडावी लागते. स्कॉटलंडमधल्या अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ मध्ये आणि जॉर्ज केली यांनी १८२४ मध्ये मांडलेलं हे तत्त्व आजही न्यूरोसर्जरीचा पाया आहे. अपघातात मार लागला की मेंदू सुजतो. हातापायाची सूज बाहेर फुगू शकते, मेंदूच्या सुजेला वाट नसते. आतला दाब वाढतो, रक्तपुरवठा तुटतो आणि शेवटी मेंदू कवटीच्या तळच्या छिद्राकडे ढकलला जाऊन श्वासाचं केंद्रच दाबलं जातं. औषधांनी दाब उतरत नसेल, तर कवटीचा मोठा तुकडा काढून सुजेला जागा करून द्यायची, हा विचार स्वित्झर्लंडचे शल्यविशारद थिओडोर कोखर यांनी १९०१ च्या सुमारास मांडला. मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद पडून आलेल्या काही पक्षाघातांतही आज हीच शस्त्रक्रिया करतात.

तिचा फायदा किती, याचं उत्तर ‘रेस्क्यू आयसीपी’ या आंतरराष्ट्रीय चाचणीनं दिलं. डोक्याला गंभीर मार लागलेले आणि औषधांना दाद न देणारे ४०८ रुग्ण त्यात होते. निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनी औषधोपचारांसाठी निवडलेल्या गटातले ४८.९ टक्के रुग्ण दगावले होते, हाड काढलेल्या गटातले २६.९ टक्के. एवढा फरक पाडणारे उपाय वैद्यकात फार नाहीत. पण त्या निष्कर्षांच्या तक्त्यात पुढची ओळही आहे. जाणीव हरपलेल्या अवस्थेत राहिलेल्यांचं प्रमाण २.१ टक्क्यांवरून ८.५ टक्क्यांवर गेलं होतं, आणि रोजच्या जगण्यासाठी दुसऱ्यावर अवलंबून राहिलेलेही वाढले होते. म्हणजे ही शस्त्रक्रिया माणूस वाचवते आणि त्याला लांबच्या, अवघड वाटेवर आणून सोडते.

त्या वाटेवरची पहिली पायरी म्हणजे कवटी पुन्हा बंद करणं. माझं म्हणणं एवढंच आहे: हाड काढणं आणि कवटी बुजवणं हे दोन उपचार नाहीत, एकाच उपचाराचे ते दोन भाग आहेत. कवटी उघडण्याचा निर्णय ज्या व्यवस्थेनं घेतला, बंद करण्याची जबाबदारी तिनं त्याच क्षणी घेतलेली असते. आपली रुग्णालयं, आपल्या विमा योजना आणि आपलं वैद्यकीय हिशेबशास्त्र हे मानत नाही. पहिलं ऑपरेशन ‘जीव वाचवणारं’ म्हणून रात्री दोन वाजता होतं. दुसरं ‘प्लॅन्ड’ असतं, आणि प्लॅन्ड म्हणजे ज्याला थांबायला सांगता येतं ते.

याच्या मुळाशी एक समजूत आहे. हाड बसवणं म्हणजे दिसण्याचा प्रश्न, खड्डा भरणं, असं डॉक्टरांपैकीही काहींना वाटतं. दिसणं क्षुल्लक असतं असं मी मानत नाही. कपाळाचा अर्धा भाग आत गेलेल्या पंचविशीतल्या तरुणाला दुकानात कामाला कोण ठेवतं, सोयरीक कोण करतं, हे आपण सगळे जाणतो. पण प्रश्न तिथे थांबतच नाही. हाड नसलेल्या जागी बाहेरच्या हवेचा दाब थेट त्वचेवर येतो. सूज उतरल्यावर ती जागा आत ओढली जाते, मेंदूजलाचा प्रवाह बिघडतो, खालच्या मेंदूतला रक्तप्रवाह घटतो. डोकं दुखतं, चक्कर येते, चिडचिड वाढते, लक्ष लागत नाही. १९३९ मध्येच ग्रँट आणि नॉरक्रॉस या डॉक्टरांनी या लक्षणांची नोंद केली होती. काहींच्या बाबतीत त्याहून गंभीर घडतं: सुधारत असलेला हात पुन्हा लुळा पडू लागतो, आलेलं बोलणं पुन्हा अडखळतं, आणि उठून बसलं की त्रास वाढतो, आडवं झालं की कमी होतो. घरच्यांना वाटतं, मेंदूच गेला. खरं तर कवटी बुजवली की यातली लक्षणं अनेकांत कमी होतात, काहींत थोड्याच दिवसांत. बरा होऊ शकणारा आजार ‘आता एवढंच’ म्हणून स्वीकारला जातो, यापेक्षा वाईट काय असावं? फिजिओथेरपी, बोलण्याचे धडे, कामावर परतणं, सगळं या एका बंद न झालेल्या दाराशी अडून राहतं.

मग काढलेलं हाडच परत का बसवत नाहीत? बसवतात, आणि तोच सर्वांत स्वस्त मार्ग आहे. उणे ८० अंशांचा फ्रीझर असेल तिथे हाड त्यात ठेवतात. नसेल तिथे रुग्णाच्याच पोटावर छेद घेऊन त्वचेखाली कप्पा करतात आणि हाड तिथे सांभाळतात. ‘हाड पोटात ठेवलंय’ हे वाक्य आपल्या सरकारी रुग्णालयांच्या आवारात कुणालाही कळतं. वीज गेली तरी ते बिघडत नाही, हरवत नाही, रुग्णासोबत गावी जातं. साधनं तुटपुंजी असताना आपल्या सर्जननी किती शहाणपणानं काम केलं आहे, त्याचा हा पुरावा मला नेहमी वाटतो.

पण स्वतःचं हाड नेहमी साथ देत नाही. अपघातात त्याचेच चार तुकडे झालेले असतील, जखम दूषित असेल, आत गाठ शिरली असेल, तर ते वापरता येत नाही. आणि बसवल्यावरही मेलेलं हाड शरीर हळूहळू विरघळवून टाकतं. मुलांमध्ये हे फारच होतं. ऑस्ट्रेलियात पर्थ इथे झालेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान पण नीट आखलेल्या चाचणीत ३१ रुग्णांना स्वतःचं हाड बसवलं होतं. वर्षाच्या आत त्यातल्या सात जणांचं हाड इतकं विरलं, की शस्त्रक्रिया अयशस्वी धरावी लागली. अशा माणसाचं डोकं तिसऱ्यांदा उघडावं लागतं. तेव्हा बाहेरून काहीतरी घडवून बसवणं ही चैन नव्हे. त्याची गरज असलेला मोठा वर्ग आहे आणि राहणार आहे.

काय बसवायचं, याचा शोध जुना आहे. १६६८ मध्ये छापलेल्या योब फान मेकेरेन या डच शल्यविशारदाच्या ग्रंथात एका रशियन सरदाराची हकिकत आहे. त्याच्या कवटीची खोक कुत्र्याच्या हाडानं बुजवली, म्हणून चर्चनं त्याला बहिष्कृत केलं. विसाव्या शतकातल्या महायुद्धांनी कवटी फुटलेले हजारो तरुण मागे ठेवले आणि टँटॅलम, अॅक्रिलिक, पुढे टायटॅनियम असे पदार्थ आले. आज भारतात प्रामुख्यानं तीन दिसतात. पहिलं अॅक्रिलिक, म्हणजे ‘बोन सिमेंट’: पावडर आणि द्रव मिसळला की पीठ होतं, काही मिनिटांत घट्ट होतं, घट्ट होताना चांगलंच तापतं आणि ऑपरेशन थिएटरभर त्याचा उग्र वास पसरतो. दुसरं टायटॅनियमची जाळी किंवा प्लेट. तिसरं ‘पीक’ नावाचं मजबूत प्लॅस्टिक, ज्याचा लवचीकपणा टायटॅनियमपेक्षा हाडाच्या बराच जवळ जातो आणि जे सीटी स्कॅनमध्ये चकाकून चित्र बिघडवत नाही. सिमेंट काही हजारांत मिळतं. पीकचं बेतून घेतलेलं इम्प्लांट लाखापुढे जातं.

बेतून घेणं म्हणजे काय, ते समजून घेतल्याशिवाय किमतीचा वाद कळत नाही. सीटी स्कॅनच्या शेकडो काप-चित्रांतून संगणकावर कवटीची त्रिमिती प्रतिकृती उभी करतात. शाबूत बाजूचा आरसा घेऊन तो तुटलेल्या बाजूवर ठेवतात. दोन्हींतला फरक म्हणजे हवा असलेला तुकडा. ऐकायला सोपं वाटतं, पण कुणाचीही कवटी दोन्हीकडे सारखी नसते. खड्डा कपाळाच्या मध्यरेषेपलीकडे गेला असेल तर आरसा उपयोगाचा नाही. कानशिलाचा स्नायू आधीच्या ऑपरेशनमध्ये आखडलेला असतो, म्हणून हाडाचा आकार हुबेहूब केला तरी तिथे खळगी दिसू शकते. कडा किती तिरप्या ठेवायच्या, ताणलेल्या त्वचेखाली जाडी किती परवडेल, मेंदूच्या आवरणाचे टाके घ्यायला भोकं कुठे पाडायची, हे सगळं अभियंता आणि सर्जन यांनी एकत्र बसून ठरवायचं असतं. मग तो तुकडा थ्रीडी प्रिंटरवर छापतात, किंवा धातूच्या वा प्लॅस्टिकच्या ठोकळ्यातून यंत्रावर कोरतात.

सर्जननं थिएटरमध्ये हातानं सिमेंट थापून घुमट घडवण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं, यात शंका नाही. आकार बिनचूक येतो, ऑपरेशनचा वेळ वाचतो. पण मोह आवरून हेही सांगायला हवं, की बेतलेल्या इम्प्लांटनं जंतुसंसर्ग थांबतो असं नाही. पातळ झालेल्या त्वचेतून टायटॅनियम उघडं पडतं, पीक हाडाशी एकजीव होत नाही, सिमेंट ठिसूळ असतं. महाग वस्तू सगळ्याच बाबतीत सरस, हे विक्रेत्याचं गणित आहे. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या डॉक्टरांनी एका तरुणीची, आतल्या बाजूनं जाड होत मेंदू दाबणारी कवटी जवळजवळ पूर्ण बदलून प्लॅस्टिकची छापील कवटी बसवली. २०१४ मध्ये त्याची जगभर बातमी झाली, आणि ती होण्याजोगीच होती. पण अशा बातम्यांनी आपल्या मनात बेतलेलं इम्प्लांट आणि अतिमहाग पदार्थ यांची गाठ पक्की मारून टाकली. ती सोडवली पाहिजे.

कारण इथे वैयक्तिक काय आहे? आकार. पदार्थ वैयक्तिक नाही. आकार म्हणजे माहिती, ती संगणकात तयार होते आणि ती तयार करायला लागतात एक प्रशिक्षित माणूस आणि काही तास. मग त्या आकाराचं इम्प्लांट छापण्याऐवजी साचा छापता येतो, आणि थिएटरमध्ये त्या साच्यात साधं बोन सिमेंट दाबून घडवता येतं. घुमट बेतलेलाच असतो, किंमत सिमेंटची असते. जगभर, भारतातही, अनेक केंद्रांनी हे केलेलं आहे. ब्राझीलनं तर या मार्गाचा पाया सरकारी खर्चानं घातला. तिथल्या कॅम्पिनास शहरातल्या रेनाटो आर्चर माहिती तंत्रज्ञान केंद्रानं २००१ मध्ये देशातल्या सरकारी रुग्णालयांसाठी ‘इन्व्हेसॅलियस’ ही संगणकप्रणाली बनवायला घेतली. सीटीवरून त्रिमिती प्रतिकृती तयार करणारी ही प्रणाली आज कुणालाही फुकट उतरवून घेता येते. नागपूरच्या किंवा मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयातला निवासी डॉक्टरही ती आज संध्याकाळी आपल्या लॅपटॉपवर उघडू शकेल.

‘मग अडलंय कुठे?’ असं कुणी विचारेल. अडलंय ते मधल्या महिन्यांचा मालक कुणीच नसण्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असो की आयुष्मान भारत, त्यांचा कारभार पॅकेजवर चालतो. दाखल झालं, पॅकेज मंजूर झालं, घरी सोडलं, प्रकरण मिटलं. कवटी बुजवायची वेळ येते तेव्हा ते नवं प्रकरण असतं: नवी कागदपत्रं, नवी मंजुरी, पुन्हा जिल्ह्याच्या गावापर्यंतचा प्रवास, पुन्हा सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी. अपघातानं घरचा कमावता आधीच आडवा केलेला असतो. इथे गळती होणार नाही तर काय? म्हणून हाड काढण्याचं पॅकेज मंजूर होतानाच कवटी बुजवण्याचं मंजूर झालेलं असावं, आणि ठरलेल्या मुदतीत रुग्ण आला नाही तर त्याला फोन करून बोलावण्याची जबाबदारी रुग्णालयाची असावी. क्षयरोगाच्या औषधांसाठी आपण रुग्णाचा घरापर्यंत पाठपुरावा करतो. इथे का नाही?

यावर पहिला आक्षेप साधनांचा. रात्री आलेल्या नव्या जखमींना टेबल मिळत नाही, तिथे जुन्यांची कवटी कुठे बुजवायची? हा आक्षेप खरा आहे आणि तो घेणाऱ्या सर्जनचा थकवाही खरा आहे. पण कवटी बुजली नाही म्हणून परावलंबी राहिलेला रुग्ण साधनं खातोच, फक्त ती घरच्यांची असतात आणि म्हणून कुठल्या अंदाजपत्रकात दिसत नाहीत. दुसरा आक्षेप म्हणतो, पैसा हेल्मेटवर घाला. जरूर घालावा. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली १५,२२४ महाराष्ट्रात. हेल्मेट न घातल्यानं गेलेले ५०,०२९. या आकड्यांकडे पाहून संताप यायला हवा. पण हे आकडे देणाऱ्या सरकारी अहवालात मृत, गंभीर जखमी, किरकोळ जखमी एवढेच रकाने आहेत. हाड काढून वाचवलेला माणूस ‘गंभीर जखमी’त एकदा मोजला जातो आणि तिथेच त्याची नोंद संपते. उद्या प्रत्येकानं हेल्मेट घातलं तरी काल डोकं उघडलेल्या माणसाचं आपण देणं लागतोच.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. रुग्णालयातच साचे छापू लागलो तर गुणवत्तेचं काय? स्वस्त प्रिंटरवर सर्रास वापरलं जाणारं पीएलए प्लॅस्टिक साधारण ६० अंशांनाच मऊ पडतं. वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये घातलं तर साचा वाकडा होतो आणि सगळी मेहनत वाया जाते. त्याचं निर्जंतुकीकरण कमी तापमानाच्या पद्धतीनंच करावं लागतं. इथे हौसेला जागा नाही. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनी बेतलेल्या उपकरणाची व्याख्या केली आहे: तज्ज्ञ डॉक्टरच्या लेखी शिफारशीवरून, त्याच्या जबाबदारीवर, एकाच रुग्णासाठी बनवलेलं. व्याख्या ठीक आहे, पण ‘त्याच्या जबाबदारीवर’ या शब्दांनी सगळा भार एका सर्जनच्या खांद्यावर येतो. शंभर सर्जननी शंभर तऱ्हांनी केलेल्या कामातून कुणालाच काही शिकता येत नाही, कारण कुठला साचा, कुठलं सिमेंट, किती महिन्यांनी संसर्ग, काय काढावं लागलं, हे एका ठिकाणी लिहिलंच जात नाही. म्हणून प्रत्येक महाविद्यालयानं सुटा प्रिंटर घ्यावा असं मी म्हणणार नाही. राज्यात दोन-तीन सरकारी केंद्रं असावीत, तिथे अभियंते पगारावर असावेत, स्कॅन तिथे जावा, आराखडा सर्जनच्या संमतीनं ठरावा आणि तपासलेला, निर्जंतुक साचा रुग्णालयात यावा. बसवलेल्या प्रत्येक इम्प्लांटची नोंदवही तिथेच राहावी, अपयशांसकट.

हे काम बाजारावर का सोपवू नये? मदुराईच्या ऑरोलॅबनं १९९२ पासून मोतीबिंदूचं कृत्रिम भिंग गरिबाच्या आवाक्यात आणलं, आणि तेही याच अॅक्रिलिकचं. पण एकाच साच्याची लाखो भिंगं निघतात, तेव्हा ती स्वस्त होतात. कवटीचा तुकडा एकच निघतो आणि दुसऱ्या कुणालाही तो चालत नाही. सरकारनं २०१७ च्या फेब्रुवारीत स्टेंटच्या आणि ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा घातल्या. तो मार्गही इथे चालायचा नाही, कारण ज्या वस्तूला ठरीव माप नाही तिला ठरीव कमाल किंमत कशी लावणार? खर्चाचा मोठा वाटा ज्या कौशल्यात आहे, ते कौशल्यच सार्वजनिक मालकीचं करणं, हा मला दिसणारा मार्ग आहे.

आणि त्याची सुरुवात यंत्रसामग्रीपासून होत नाही, सीटीच्या टेबलापासून होते. अपघात विभागात घाईनं काढलेल्या स्कॅनचे काप बहुधा पाच मिलिमीटरचे साठवले जातात. निदानाला ते पुरतात, पण आराखड्याला मिलिमीटरभर किंवा त्याहून पातळ काप लागतात. यंत्रातला मूळ डेटा थोड्या दिवसांत पुसला जातो. म्हणजे हाड काढण्यापूर्वीची कवटी, जिच्याइतकी खरी मोजमापं पुन्हा कधीच मिळणार नाहीत, आपण रोज पुसून टाकतो. ती पातळ कापांत साठवायला पैसे लागत नाहीत, फक्त तंत्रज्ञाला सांगून ठेवावं लागतं. तिची प्रत डिस्चार्ज कार्डासोबत रुग्णाच्या हाती द्यावी, आणि पुढे आराखडा तयार झाला की त्याची फाइलही द्यावी. आज खाजगी कंपनीकडून इम्प्लांट घेतलं तर ती फाइल कंपनीकडे राहते. संसर्ग होऊन इम्प्लांट काढावं लागलं, की त्याच डोक्यासाठी तोच आकार पुन्हा विकत घ्यावा लागतो. ज्याच्या कवटीवरून तो आकार घेतला, त्याच्या मालकीचा तो असावा, हे वैद्यकीय उपकरणांच्या नियमांत एका ओळीनं लिहिता येईल.